बी.पी.ची गोळी कधी बंद करायची?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यातील भाषण)



रौप्यमहोत्सवाच्या कार्यक्रमात गाणी आहेत, पैठणीचा खेळ आहे, मुलांच्या नकला आहेत. त्यातला अर्धा तास कमिटीने मला दिला आणि विषय दिला रक्तदाब. मी डॉक्टर नाही. बी.कॉम. होऊन बँकेत लागलो आणि अधिकारी म्हणून निवृत्त झालो. मग मीच का, असं विचारल्यावर सेक्रेटरी म्हणाले, "काका, तुम्ही एकोणीस वर्षं गोळी घेताय आणि वहीत आकडे लिहून ठेवताय. एवढी पात्रता पुरे झाली." वही आहे हे खरं. बँकेतल्या माणसाला नोंद केल्याशिवाय चैन पडत नाही.

मी हो म्हणालो त्याला कारण वेगळं आहे. गेल्या वर्षभरात लिफ्टमध्ये, बागेतल्या बाकावर, दूधवाल्याजवळ निदान दहा जणांनी मला एकच प्रश्न विचारला: "आता नॉर्मल आलंय, गोळी कधी बंद करायची?" आज मी जे बोलणार ते या प्रश्नावर. बाकीचं ओघात येईल.

आधी रक्तदाब म्हणजे काय ते आपल्याच उदाहरणाने सांगतो. पाचव्या मजल्यावर पाणी चढत नाही म्हणून आपण जास्त ताकदीची मोटर बसवली होती, आठवतंय ना? पाणी चढलं. सगळे खूश. पण पुढे जुन्या पाइपांचे जॉइंट एकेक करून गळायला लागले. मोटर म्हणजे हृदय आणि पाइप म्हणजे रक्तवाहिन्या. हृदय दिवसाला साधारण एक लाख वेळा आकुंचन पावतं. आकुंचन पावताना वाहिन्यांवर जो दाब येतो तो वरचा आकडा, आणि दोन ठोक्यांमध्ये ते सैल पडतं तेव्हा उरतो तो खालचा. १२०/८० हा चांगला दाब. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजून तो १४०/९० किंवा त्याहून वर येत राहिला तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. दोन्हींपैकी एकच आकडा वर असला तरी तो उच्चच. घरी माणूस निवांत असतो, म्हणून घरच्या मोजमापाला ही रेषा १३५/८५ धरतात.

आता फरक बघा. पाइप गळला तर भिंतीवर ओल दिसते, कुणीतरी कमिटीकडे तक्रार घेऊन येतं. शरीरात तशी ओल दिसत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, भूक चांगली लागते, माणूस राजमाचीला जाऊन येतो. आणि आत मेंदूच्या, डोळ्याच्या पडद्याच्या, मूत्रपिंडाच्या बारीक वाहिन्या झिजत असतात. "मला बी.पी. वाढलं की कळतं" असं म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, फक्त मशीन पुढे करतो. कळतं म्हणणाऱ्यांचं मत आणि मशीनचा आकडा यांची गाठ फार क्वचित पडते.

आयसीएमआरच्या देशव्यापी 'इंडियाब' पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यात वीस वर्षांवरच्या माणसांत उच्च रक्तदाबाचं प्रमाण ३५.५ टक्के निघालं. आपल्या सोसायटीत मोठी माणसं दोनशे धरली तर सत्तर झाली. गोळी घेतो असं मला सांगणारे पस्तीसही नाहीत. उरलेले कोण, हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नसणार.

गोळ्या नव्हत्या तेव्हा काय होत होतं, तेही ऐका. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट. दुसरं महायुद्ध लढवणारा माणूस, दिमतीला देशातले उत्तम डॉक्टर. त्यांचा दाब वर्षानुवर्षं चढत गेला होता, नोंदी आहेत. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं, विश्रांती घ्यायला सांगितली, कारण त्यापलीकडे त्या वेळी फारसं काही हातातच नव्हतं. १२ एप्रिल १९४५ रोजी डोक्यात भयंकर कळ आली म्हणाले आणि काही तासांत गेले. मेंदूत रक्तस्राव. त्या दिवशी मोजलेला दाब होता ३००/१९०. जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाला जी गोळी मिळाली नाही, ती आज आपल्याला कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळते. साधी जेनेरिक घेतली तर दिवसाचा खर्च एका कटिंग चहापेक्षा कमी.

या गोळ्यांच्या इतिहासात आपल्या मुंबईचाही वाटा आहे, आणि तो फारसा कुणाला माहीत नाही. सर्पगंधा ही आपल्या सह्याद्रीत मिळणारी वनस्पती. के.ई.एम. हॉस्पिटलमध्ये काम केलेले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी तिच्या मुळाचा उपयोग रक्तदाबाच्या रुग्णांवर पद्धतशीर तपासला आणि १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध छापला. तो वाचून जगभरचे डॉक्टर जागे झाले. १९५२ मध्ये त्या मुळातलं रेसर्पिन हे द्रव्य स्वित्झर्लंडमध्ये वेगळं काढलं गेलं, आणि १९५७ साली डॉ. वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे रेसर्पिनने काही रुग्णांना फार उदास वाटायला लागतं असं दिसलं आणि त्याहून चांगली औषधं आली. हे मुद्दाम सांगतो, कारण "नैसर्गिक आहे, अपाय नाही" म्हणून कुणीतरी मुळाची पूड आणून देतं. डॉक्टरला न विचारता ती घेऊ नका.

आता माझ्या नोकरीतली एक गोष्ट. मावळातल्याच एका शाखेत मी होतो. आमचे हेड कॅशियर पन्नाशीचे, कामाला वाघ. नोटांचं बंडल हातात आलं की बोटं अशी चालायची की बघत राहावं. बी.पी.ची गोळी चालू होती. एकदा तपासणीत १२६/८० आलं. ते खूश झाले. "साहेब, बरा झालो" म्हणाले आणि गोळी बंद. आम्ही पेढे खाल्ले, हो, अक्षरशः पेढे. तीन महिने काहीही झालं नाही. मार्चएंडच्या आधीच्या आठवड्यात दुपारी ते बंडल मोजत होते आणि बोटं मध्येच थांबली. नोटा खाली पडल्या. ते उचलायला वाकले तर उजवा हात उचलेना, आणि काय होतंय ते सांगायला गेले तर शब्द फुटेनात. ते वाचले. पण नंतर बारा वर्षं ते जगले ती डाव्या हाताने जेवत आणि दोन-तीन शब्दांत बोलत. त्यांच्या पत्नी दर महिन्याला पेन्शन काढायला यायच्या. सही जुळत नव्हती, म्हणून आम्ही अंगठ्याची व्यवस्था करून दिली. ज्या माणसाने पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या सह्या तपासल्या, त्याचा अंगठा.

तर १२६/८० हा आकडा काय सांगत होता? गोळी घेतल्यावर दाब १२६ राहतो, एवढंच. बरा झालो असं तो सांगत नव्हता. हप्ते वेळेवर जमा होत असतील तर कर्जखातं नियमित दिसतं. म्हणून कुणी हप्ते बंद करून कर्ज फिटलं असं म्हणत नाही. बहुतेकांच्या बाबतीत रक्तदाबाचं हे कर्ज फिटणारं नसतं, नियमित ठेवायचं असतं. वजन पुष्कळ उतरलं, मीठ कमी झालं, दारू सुटली, तर काहींची गोळी कमी होते, एखाद्याची बंदही होते. पण ती डॉक्टरने, आकडे बघत, पायरीपायरीने. आपण मनाने नाही. काही गोळ्या अचानक सोडल्या तर दाब उलटून एकदम चढतो, नाडी धावायला लागते, तो धोका वेगळाच.

दुसरा समज आपल्या वयाच्या लोकांत घट्ट बसलेला आहे: शंभर अधिक वय. म्हणजे सत्तरीला १७० चालतं. जुने डॉक्टरही असं म्हणायचे. वयाबरोबर वाहिन्या कडक होतात आणि वरचा आकडा चढतो, खालचा नॉर्मलच राहतो, हे खरं आहे. पण चढतो म्हणजे चालतो असं नव्हे. अमेरिकेत साठीच्या पुढच्या चार हजार सातशेवर लोकांवर एक मोठा अभ्यास झाला. त्यांचा फक्त वरचा आकडा १६० च्या पुढे होता. निम्म्यांना साधी, स्वस्त औषधं दिली, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. १९९१ मध्ये निकाल आला: औषधवाल्यांत पक्षाघाताचं प्रमाण ३६ टक्क्यांनी कमी. तेव्हा कुणी "या वयात एवढं असणारच" म्हणालं तर हा आकडा सांगा.

वयस्कर माणसाने उलट बाजूही बघायची. झोपेतून एकदम उठलं की दाब खाली येतो आणि तोल जातो. रात्री बाथरूमला जाताना आधी कॉटच्या कडेला मिनिटभर बसा, मग उभे राहा. उभं राहिल्यावर वारंवार अंधारी येत असेल तर डॉक्टरला उभ्यानेही दाब मोजायला सांगा. गोळीचं प्रमाण बदलता येतं.

मोजण्याबद्दल जरा जास्त बोलणार आहे, कारण घोळ तिथेच होतो. लोक बाजारातून पिशव्या घेऊन जिना चढून येतात, चहा घेतात आणि दंड पुढे करतात. तो आकडा खरा धरायचा नाही. आधी अर्धा तास चहा, तंबाखू, चालणं नको. मिश्रीही तंबाखूच आहे, बायकांनो, आपल्या मावळात ती अजून घराघरात आहे म्हणून सांगतो. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, मांडी न घालता पाच मिनिटं बसा. हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीला आणि उघड्या दंडावर. ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवून तिच्याखाली पट्टा बांधला तर आकडा चुकतो, स्वेटरवरून बांधला तरी चुकतो. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर दाब आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. मोजताना बोलायचं नाही. हे आपल्याला सगळ्यात अवघड, मान्य. मिनिटभराने पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. मनगटाच्या मशीनपेक्षा दंडाचं मशीन भरवशाचं. आणि एकाच दिवसात दहादा मोजू नका. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ दर तासाला मोजतात आणि त्या काळजीनेच त्यांचा दाब वर राहतो.

आता मीठ. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट एक छोटा चमचा. यात भाजी-आमटीतलं आलं, पोळीतलं आलं, आणि जे दिसत नाही तेही आलं: लोणचं, पापड, फरसाण, वेफर्स, पाव, सॉस, सुकट-बोंबील. पावसाळ्यात लोणावळ्यात भजी आणि वडापाव चुकत नाहीत, मीही खातो. पण त्या दिवशी रात्रीच्या पानात लोणचं-पापड नको, एवढा हिशेब ठेवता येतो. आमच्याकडे टेबलावरची मिठाची वाटी उचलली. पहिले पंधरा दिवस मी कुरकुर केली, मग जिभेला सवय झाली. आता बाहेरचं जेवण खारट लागतं. सैंधव चालतं का, असं भगिनीवर्ग हमखास विचारतो. सैंधवही मुख्यतः तेच सोडियम क्लोराइड, रंग गुलाबी एवढाच फरक. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात काही भाग पोटॅशियम असतं. चीनमधल्या सहाशे खेड्यांतल्या प्रयोगात, निकाल २०२१ चा, असं मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. मात्र मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा पोटॅशियम वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, टेल्मिसार्टन त्यातलीच, तर हे मीठ डॉक्टरला विचारल्याशिवाय घरात आणू नका.

चालण्याबद्दल तुम्हाला मी काय सांगणार? आपल्याकडे हवा आहे, डोंगर आहे. अडचण जून ते सप्टेंबरची. चार महिने लोक खिडकीत बसून पाऊस बघतात आणि वजन तीन किलोंनी वाढवतात. खाली पार्किंगमध्ये फेऱ्या मारा. मी मारतो, एकटा असतो, सोबत आली तर बरं वाटेल.

लोणावळ्यात राहून योगाचा विषय टाळता येणार नाही. "गोळीपेक्षा योग करा" हे वाक्य इथे जरा जास्तच ऐकू येतं. म्हणून आपल्याच गावाचा इतिहास सांगतो. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली इथे कैवल्यधाम स्थापन केलं. त्यांचं वैशिष्ट्य असं की योगाचे फायदे नुसते सांगायचे नाहीत, यंत्र लावून मोजायचे, असा त्यांचा आग्रह होता. सर्वांगासन, शीर्षासन करताना रक्तदाबाचं काय होतं, हे त्यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातच मोजून 'योगमीमांसा'त छापलं. पुढे के.ई.एम.चे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांचे सहकारी यांनी रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवलं. त्या निबंधाच्या लेखकांत कैवल्यधामचे डॉ. विनेकरही होते. १९६९ साली तो एका परदेशी वैद्यकीय नियतकालिकात आला. निकाल काय? साधारण निम्म्या रुग्णांना चांगला फायदा झाला. काहींचा दाब गोळीशिवाय उतरला, काहींच्या गोळ्या कमी करता आल्या. आणि उरलेल्यांना तसा फायदा दिसला नाही.

मला या कामाचा अभिमान वाटतो तो याच कारणासाठी की निम्म्यांना उपयोग झाला नाही, हेही त्यात लपवलेलं नाही. त्या रुग्णांच्या गोळ्या कमी झाल्या त्या डॉक्टरांनी दाब मोजून केल्या. रुग्णांनी घरी मनाने सोडल्या नाहीत. मी रोज दुपारी वीस मिनिटं शवासन करतो. सौ. त्याला झोप म्हणते, घोरतो म्हणून. तरी सकाळची गोळी आहेच. आणि दाब वाढलेला असताना शीर्षासन, सर्वांगासन स्वतःहून करायला जाऊ नका, जाणत्या शिक्षकाला आणि डॉक्टरला विचारून करा.

गोळ्यांचा त्रास होतो म्हणून सोडणारेही आहेत. अॅम्लोडिपिनने काहींच्या घोट्यांवर सूज येते, 'प्रिल' शेवट असलेल्या औषधांनी काहींना कोरडा खोकला लागतो. यात भ्यायचं कारण नाही, डॉक्टर गोळी बदलून देतात. खोकल्यासाठी चार बाटल्या सिरप पिण्याआधी त्यांना गोळीचं नाव सांगा. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर घेतलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या दाब वाढवतात आणि मूत्रपिंडावरही ताण आणतात, हे आपल्या वयाच्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं. वर्षातून एकदा लघवी, क्रिएटिनिन, साखर आणि डोळ्यांचा पडदा तपासून घ्या.

दवाखाना लांब पडतो, रांग मोठी, म्हणूनही गोळ्या खंडित होतात. सरकारने २०१७ मध्ये रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम जाहीर केला. महाराष्ट्रात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे पहिले जिल्हे होते. त्यात नवं औषध काही नव्हतं. ठरावीक दोन-तीन साध्या गोळ्या, प्रत्येक रुग्णाचं कार्ड, घराजवळच्या केंद्रावर महिन्याच्या गोळ्या एकदम, आणि जो आला नाही त्याचा पाठपुरावा. आमच्या थकबाकी वसुलीसारखंच. आपल्या घरी काम करणाऱ्या ताई, वॉचमन, माळी यांनाही सांगा, तीस वर्षांवरच्यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते.

शेवटचं, आणि हे आपल्या गावासाठी खास. तोंड एकीकडे वाकडं झालं, एक हात वर राहीना, बोलणं अडखळलं, यातलं एकही अचानक झालं तर घड्याळ बघा आणि १०८ ला फोन करा. बरं वाटेल म्हणून वाट बघत बसू नका. गुठळीने झालेला पक्षाघात असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, जितकं लवकर तितकं चांगलं. शनिवार-रविवारी एक्स्प्रेसवेवर काय अवस्था असते ते आपण रोज बघतो. म्हणून निघण्याआधी फोन करून विचारा: सी.टी. स्कॅन आता चालू आहे का, हे इंजेक्शन देतात का? जिथे नाही तिथे थांबून एक तास घालवू नका. घरी अॅस्पिरिन देऊ नका, कारण आत गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कळत नाही. जिभेखाली बी.पी.ची गोळी ठेवू नका, दाब एकदम पडला तर मेंदूचं नुकसान वाढतं. तोंडात पाणीसुद्धा घालू नका. चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत घ्या. ती चिठ्ठी आज रात्रीच लिहून फ्रिजवर लावा, मोठ्या अक्षरात.

कमिटीने रौप्यमहोत्सवी निधीतून दंडाचं एक चांगलं मशीन घेतलं आहे, मोठ्या पट्ट्यासह. दर रविवारी सकाळी साडेसात ते नऊ मी सोसायटी ऑफिसमध्ये ते घेऊन बसेन. सोबत एक रजिस्टर असेल, फ्लॅट नंबरप्रमाणे पानं पाडली आहेत. चहा न घेता या, चहा तिथे नंतर मिळेल. आणि ज्यांनी गोळी मनाने बंद केली आहे त्यांनी आधी यावं. मी कुणाला रागावणार नाही. फक्त आकडा लिहीन आणि तो घेऊन तुम्ही सोमवारी डॉक्टरकडे जायचं.